घाट, वग आणि टेबल : खेळ चालवणाऱ्याची जबाबदारी

बहुतेक खेळांत नियम रचणारा, खेळ खेळणारा आणि निकाल देणारा ही तीन वेगवेगळी माणसे असतात आणि त्यांची कामे एकमेकांत मिसळू नयेत अशीच त्या खेळांची घडण असते. खो-खोचा पंच मैदानात पळत नाही आणि बुद्धिबळाचा पंच एखादे प्यादे आपल्या मर्जीने पुढे सरकवत नाही. टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळांत, म्हणजे ज्यांना टेबलटॉप रोलप्लेइंग म्हणतात त्या खेळांत, ही वाटणी मोडते. चार-पाच खेळाडू प्रत्येकी एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतात, ते पात्र काय करू पाहते हे बोलून सांगतात, आणि ज्या कृतीचा शेवट अनिश्चित आहे तिथे फासे टाकून निर्णय लावतात. त्यांच्यासोबत बसलेल्या गेम मास्टरकडे मात्र एकच पात्र नसते, पात्रांभोवतीचे सारे जगच त्याच्या ताब्यात असते. डोंगरावरचा किल्ला त्याने उभा केलेला, किल्ल्यातले शत्रू त्याने नेमलेले, त्या शत्रूंच्या वतीने फासे टाकणाराही तोच, आणि एखादी कृती नियमात बसते की नाही असा वाद उद्भवला तर अखेरचा शब्दही त्याचाच. प्रतिपक्ष, कथाकार आणि न्यायाधीश ही तीन पदे एकाच माणसाकडे आल्यावर त्याने नियम कसे वापरावेत आणि खेळातला समतोल कसा राखावा, हा या विवेचनाचा विषय आहे.

या विषयावरचे लेखन बहुतांशी अमेरिकेत आणि युरोपात झाले असून ते त्या खेळांच्या नियमपुस्तकांभोवती फिरते. परंतु ज्या प्रश्नाशी ते झगडते तो प्रश्न मराठी मुलखाला अपरिचित नाही, आणि तो समजून घेण्यासाठी पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागाइतकी सोयीची जागा सहसा सापडणार नाही. तिथल्या जुन्नर तालुक्यात आणि शेजारच्या आंबेगावात खेळ चालवण्याच्या दोन परंपरा एकाच यात्रेच्या दिवशी पाहायला मिळतात: दिवसा घाटात बैलगाडा शर्यत आणि रात्री तमाशाच्या फडात वग. पहिल्या परंपरेत नियम काटेकोर आणि निकाल क्षणार्धात लागणारा असतो. दुसरीत लिखित संहिता नाममात्र असते आणि कथा रंगमंचावरच उभी राहते. गेम मास्टरला ही दोन्ही कामे एकाच बैठकीत करावी लागतात, म्हणून या दोन परंपरांचा आधार घेऊन त्याच्या जबाबदारीचा विचार येथे मांडला आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. पटावरचे खेळ या प्रदेशाला नवे नाहीत. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटाच्या परिसरात खडकावर कोरलेले खेळांचे पट आढळले आहेत. अशा पटांचे वैशिष्ट्य असे की त्यांवर काय करता येते याची यादी पूर्ण असते: सोंगटी किती घरे जाईल, केव्हा मरेल, केव्हा घरी पोचेल, हे खेळ सुरू होण्यापूर्वीच ठरलेले असते आणि दोन खेळाडूंना पटच बांधून ठेवतो. भूमिकाखेळात ही यादी कधीच पूर्ण होत नाही, कारण पात्राला काहीही करून पाहण्याची मुभा असते. पहारेकऱ्याशी लढण्याऐवजी त्याला लाच द्यावी, त्याच्या गावाकडची विचारपूस करून त्याला बोलते करावे, किंवा चुकीच्या दिशेने धूर करून त्याला तिकडे पळवावे, यांपैकी प्रत्येक युक्तीसाठी वेगळा नियम लिहून ठेवणे कोणत्याही लेखकाला शक्य नाही. जिथे कृतींची यादी खुली असते तिथे लिहिलेल्या नियमांच्या पलीकडचा प्रदेश कोणीतरी सांभाळावा लागतो, आणि गेम मास्टरचे पद याच गरजेतून निर्माण झाले.

या पदाचा उगम प्रशियाच्या सैन्यात सापडतो. फॉन राइस्वित्स या सरदाराने १८१२ च्या सुमारास प्रशियाच्या राजासमोर एक युद्धखेळ मांडला आणि त्याच्या सैन्याधिकारी मुलाने १८२४ मध्ये त्याचे सुधारित नियम प्रसिद्ध केले. त्या खेळात दोन्ही बाजूंचे अधिकारी आपले हुकूम लिहून मध्यस्थ पंचाकडे देत, पंच नकाशावर सैन्याचे ठोकळे हलवत असे, ज्या बाजूला जे दिसणे शक्य आहे तेवढेच तिला दाखवत असे, आणि फासे व कोष्टके यांच्या आधारे हानी मोजत असे. पुढील अर्धशतकात ही कोष्टके इतकी वाढली की खेळ संथ झाला आणि अनुभवी अधिकारीही पंचाचे काम टाळू लागले. तेव्हा फेर्डी दु व्हेर्नुआ या सेनानीने १८७६ मध्ये वेगळी दिशा सुचवली: कोष्टके बाजूला ठेवून पंचाने स्वतःच्या युद्धानुभवावरून निकाल द्यावा. पहिल्या पद्धतीला काटेकोर आणि दुसरीला मुक्त युद्धखेळ म्हटले जाते, आणि नियमांवर किती विसंबावे व माणसावर किती, हा वाद तेव्हापासून आजतागायत मिटलेला नाही. काटेकोर पद्धतीत पंच अज्ञानी असला तरी चालते, परंतु खेळ मंदावतो. मुक्त पद्धतीत खेळ वेगवान होतो, परंतु पंच अनुभवी आणि निःपक्षपाती असेल या एकाच गृहीतकावर सारा डोलारा उभा राहतो.

हाच धागा पुढे अमेरिकेत गेला. चार्ल्स टॉटन या अमेरिकी अधिकाऱ्याने १८८० मध्ये ‘स्ट्रॅटेगोस’ हा युद्धखेळाचा ग्रंथ लिहिला. तो मिनेसोटातील डेव्हिड वेस्ली या खेळाडूच्या हाती लागला आणि खेळाडूने कोणतीही कृती करू पाहावी, पंचाने तिचा निकाल लावावा, ही त्यातील कल्पना त्याला भावली. वेस्लीने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या एका काल्पनिक जर्मन गावावर १९६९ मध्ये खेळ बेतला आणि प्रत्येक खेळाडूला सैन्याऐवजी एकेका व्यक्तीची भूमिका दिली. त्याच्या खेळगटातील डेव्ह आर्नेसनने ही रीत अद्भुतरम्य जगात नेली, आणि आर्नेसन व गॅरी गायगॅक्स यांच्या सहकार्यातून १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपाने बाजारात आला. त्या पुस्तिकांत अनेक गोष्टी अनुक्त होत्या आणि त्या भरून काढण्याचे काम साहजिकच खेळ चालवणाऱ्याकडे गेले. १९७९ मध्ये त्याच्यासाठी स्वतंत्र जाडजूड मार्गदर्शक ग्रंथ निघाला. या साऱ्या इतिहासातून एवढे निश्चित दिसते की गेम मास्टरचा अधिकार हा नियमांतील पोकळीतून आलेला आहे. जिथे नियम बोलतो तिथेही तो अधिकार तितकाच निरंकुश असावा असे त्यातून सिद्ध होत नाही.

नियम बोलतो तिथे खेळ चालवणाऱ्याने काय करावे, हे घाटात पाहावे. उत्तर पुणे जिल्ह्यातील बैलगाडा शर्यतीत घाट म्हणजे गाडा पळवण्यासाठी तयार केलेली चढाची धावपट्टी. गाड्याला चार बैल जुंपतात, पुढची जोडी जुकाटाला आणि मागची धुरेला; गाड्यापुढे घोडीवरचा स्वार धावतो आणि बैल त्या घोडीमागे चढ चढून जातात. प्रत्येक गाडा घाटात एकटाच पळतो, त्याच्या पळण्याला बारी म्हणतात, आणि तळाच्या रेषेपासून माथ्याच्या रेषेपर्यंत लागलेला वेळ सेकंदांत आणि त्याच्याही बारीक भागांत मोजला जातो. ठरलेल्या मर्यादेच्या आत घाट चढलेले सारे गाडे पहिल्या नंबरात बसतात, त्यापुढील मर्यादेतले दुसऱ्या नंबरात, आणि या क्रमाने प्रत्येक नंबराचे इनाम त्यात बसलेल्या गाड्यांत वाटले जाते. दिवसातील सर्वांत कमी वेळ घेणाऱ्या गाड्याला घाटाचा राजा हा मान मिळतो. बाऱ्यांचा क्रम चिठ्ठ्यांनी ठरतो, झेंड्याजवळचे आणि घड्याळाजवळचे पंच यात्रा कमिटी नेमते, आणि निकाल हजारो माणसांसमोर ध्वनिक्षेपकावरून लगेच पुकारला जातो.

या रचनेत समतोलाविषयीचे बरेच शहाणपण साठलेले आहे. सातारा-सांगलीकडच्या मैदानात दोन बैलांच्या गाड्या शेजारशेजारच्या चाकोऱ्यांतून एकाच वेळी सुटतात, गटातून उपांत्य आणि त्यातून अंतिम फेरी होते, आणि शेवटी एकच गाडी पहिली येते. तिथे पंचाची मुख्य चिंता सुटण्याचा क्षण आणि चाकोरी बदलणे ही असते. जुन्नर-आंबेगावच्या घाटात गाडा दुसऱ्या गाड्याशी नव्हे, घड्याळाशी झुंजतो, त्यामुळे मातब्बर गाडामालकाचा गाडा पहिल्या नंबरात आल्याने बेताच्या ऐपतीच्या शेतकऱ्याचा गाडा पहिल्या नंबरातून बाहेर पडत नाही. मात्र इनामाची वाटणी होत असल्याने एका गाड्याला दिलेली अर्ध्या सेकंदाची सवलत बाकी सर्वांच्या खिशातून जाते, आणि म्हणून प्रत्येक गाडामालक दुसऱ्याच्या बारीच्या वेळीही घड्याळाकडे डोळे लावून असतो. सर्वांचे बळ सारखे करण्याचा प्रयत्न इथे कोणी करत नाही. चढ एकच, घड्याळ एकच आणि मर्यादा आधी जाहीर केलेली, एवढ्यावर समतोल उभा राहतो. आपल्या भावकीतल्या गाड्यासाठी मर्यादा बारीनंतर सरकवणारा पंच कितीही अनुभवी असला तरी त्या घाटाचा पंच राहू शकणार नाही, कारण त्याने एका गाड्याला लाभ दिला एवढाच त्याचा दोष नसतो. त्या दिवशीच्या साऱ्या निकालांवरचा विश्वास त्याने मोडलेला असतो.

घाटाच्या या उदाहरणावरून गेम मास्टरची पहिली जबाबदारी ठरवता येते. एखाद्या कृतीसाठी फासा टाकायचा असेल, तर किती दान पडले म्हणजे यश आणि अपयश आल्यास काय गमवावे लागेल, हे फासा हातातून सुटण्यापूर्वी सांगितलेले असावे. वीस बाजूंच्या फाशावर अकरा किंवा अधिक दान पाडणे म्हणजे निम्मी शक्यता. मर्यादा आठवर आणली तर ती शेकडा ६५ होते आणि सोळावर नेली तर शेकडा २५ राहते. दान पडल्यानंतर मर्यादा ठरवणारा गेम मास्टर प्रत्यक्षात फाशाला निर्णयच घेऊ देत नाही. तो आपल्या मनातला निकाल फाशाच्या नावावर खपवतो. घाटातील पंचाच्या तुलनेत त्याला हा मोह अधिक पडतो, कारण पंचाचे घड्याळ चारचौघांसमोर असते, तर अनेक गेम मास्टर आपल्या टिपणांसमोर पुठ्ठ्याचा आडोसा उभा करतात आणि त्यामागे फासे टाकतात. आडोशामागचे दान बदलावे की नाही यावर जाणत्या खेळाडूंत मतभेद आहेत: एका बाजूचे म्हणणे असे की चार महिने रंगलेले पात्र एका दुर्दैवी दानाने मरू नये, तर दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की मरणाचा धोका खोटा आहे हे एकदा कळले की त्यानंतरचा प्रत्येक विजय पोकळ होतो. प्रस्तुत विवेचनाचा कल दुसऱ्या मताकडे आहे, आणि त्याचे कारण असे की पहिल्या पक्षाला हवी असलेली दया नियमाच्या आधीच दाखवता येते. जिथे मृत्यू नको तिथे पराभवाची किंमत कैद, कर्ज किंवा गमावलेला मित्र अशी ठरवून मग फासा टाकला, तर दयाही राहते आणि दानही खरे राहते.

समतोलाचा दुसरा अर्थ गणिताशी जोडलेला आहे आणि तो नवख्या गेम मास्टरला सहसा उशिरा उमगतो. चार पात्रांसमोर एकच बलाढ्य राक्षस उभा केला, तर कागदावर त्याचे बळ चौघांच्या बेरजेइतके असूनही तो हरण्याचा संभव मोठा असतो, कारण एका फेरीत राक्षसाला एक वार करता येतो आणि पात्रांना चार. उलट आठ दुबळे शत्रू उभे केले, तर त्यांचे आठ वार एका पात्रावर एकवटून ते पहिल्याच फेरीत कोसळू शकते. म्हणजे बळापेक्षा कृतींची संख्या अधिक निर्णायक ठरते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने प्रत्येक शत्रूला आव्हानाची पातळी दर्शवणारा आकडा जोडला आणि २००८ सालच्या चौथ्या आवृत्तीने सर्व प्रकारच्या पात्रांना जवळपास समान चौकटीत बसवून समतोलाचा प्रश्न पुस्तकातच सोडवू पाहिला, परंतु बऱ्याच खेळाडूंना त्यातील पात्रे एकसारखी वाटू लागली आणि २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत निर्णयाचा मोठा वाटा पुन्हा गेम मास्टरकडे सोपवण्यात आला. फाशांची निवडही समतोलावर परिणाम करते. वीस बाजूंच्या एका फाशावर एक गुण वाढवला की यशाची शक्यता एरवी नेमकी शेकडा पाचने वाढते. दोन सहा-बाजूंच्या फाशांच्या बेरजेवर मात्र मधली दाने अधिक वेळा पडत असल्याने त्याच एका गुणाचे मोल जागेनुसार बदलते. बेरीज दहा किंवा अधिक येण्याची शक्यता ३६ पैकी ६ असते, एक गुण मिळवल्यास ती १० आणि दोन गुण मिळवल्यास १५ होते. जो गेम मास्टर बक्षीस म्हणून गुण वाटतो, त्याने आपण काय वाटतो आहोत हे आधी मोजून पाहिले पाहिजे.

मात्र आकड्यांचा समतोल पूर्ण साधूनही एखादी बैठक विषम होऊ शकते. एक खेळाडू बोलका असतो, त्याला नियम पाठ असतात, तो प्रत्येक प्रसंगात पुढे येतो. दुसरा तीन तास बसून दोनदा फासा टाकतो आणि घरी जातो. दोघांच्या पात्रांचे गुण सारखे असले तरी दोघांना मिळालेला खेळ सारखा नसतो. या तिसऱ्या अर्थाच्या समतोलासाठी घाटाचे उदाहरण पुरत नाही आणि तमाशाकडे वळावे लागते. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव ही तमाशाची पंढरी मानली जाते. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचा फड आणि त्याच घराण्यातील विठाबाई यांच्यामुळे हे नाव महाराष्ट्रभर झाले, आणि दरवर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या तिथे लागून गावोगावच्या यात्रा कमिट्या सुपारी द्यायला येतात. तमाशात गण, गौळण आणि बतावणी झाल्यावर वग सुरू होतो. उमाजी बाबाजी सावळजकर यांचा १८६५ चा ‘मोहना बटाव’ हा पहिला वग समजला जातो. वगाची कथा आणि त्यातली कवने ठरलेली असली तरी गद्य संवाद पारंपरिक पद्धतीत नट रंगमंचावरच रचत. कोणता प्रसंग कोणत्या क्रमाने येणार हे सर्वांना माहीत असे, पण त्या प्रसंगात राजा काय बोलेल आणि प्रधान काय उत्तर देईल हे त्या रात्री ठरे.

अशा रचनेत फडाचा सरदार जे काम करतो ते गेम मास्टरच्या कामाशी मिळतेजुळते आहे. तो स्वतः बहुधा वगात पात्र असतो, तरीही त्याचे एक लक्ष कथेच्या धाग्याकडे आणि दुसरे प्रेक्षकांकडे असते. सोंगाड्या विनोदाच्या भरात कथा सोडून दूर गेला तर त्याला थांबवायचे, पण हशा तुटू द्यायचा नाही. एखादा नवखा नट अडखळला तर त्याला उत्तर देता येईल असा प्रश्न त्याच्याकडे टाकायचा. ढोलकीवाल्याला केव्हा मोकळीक द्यायची हे ओळखायचे. हे सारे त्याला पात्राच्या तोंडूनच करावे लागते. ‘गाढवाचं लग्न’मध्ये सावळ्या कुंभार उभा करणारे मावळातील इंदुरीचे दादू इंदुरीकर आणि ‘विच्छा माझी पुरी करा’मधले दादा कोंडके यांची हजरजबाबी भर महाराष्ट्राने डोक्यावर घेतली, आणि ती भर पचवणारे सहनट सोबत नसते तर तिची लज्जत टिकली नसती, हेही तितकेच खरे आहे. सोंगाड्याचे सामर्थ्य कमी करून समतोल साधत नाही. त्याच्यासमोर उभ्या असलेल्या नटाला उत्तराची जागा मिळाली म्हणजे तो साधतो. भूमिकाखेळातही बोलक्या खेळाडूच्या पात्राचे गुण कापणे हा चुकीचा उपाय आहे. मितभाषी खेळाडूच्या पात्राला जे येते तेच ज्या प्रसंगात लागेल असा प्रसंग आणणे आणि तो आल्यावर थेट त्याच्याकडे वळून विचारणे, हे गेम मास्टरचे काम आहे. टेबलावरील लक्ष हीच तिथली सर्वांत दुर्मीळ वस्तू असून तिची वाटणी कोणत्याही कोष्टकात लिहिलेली नसते.

नियम आणि समतोल यांखेरीज तिसरी एक जबाबदारी आहे आणि तिचे भान घाटाला न्यायालयाच्या मार्गाने आले. केंद्र सरकारने ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेने प्रदर्शन व प्रशिक्षणास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला, आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी जल्लिकट्टूसोबत बैलगाडा शर्यतींनाही मनाई केली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती करून शर्यतींसाठी नियम केले, परंतु मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे शर्यती बंदच राहिल्या; १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सशर्त वाट मोकळी करून दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. या सुमारे सात वर्षांच्या खंडात वादाचा मुद्दा गाड्यांमधील न्यायाचा नव्हताच. घड्याळ बरोबर होते, चिठ्ठ्या प्रामाणिक होत्या, तरीही धावणाऱ्या बैलाची वेदना कोणत्याच नंबरात मोजली जात नव्हती. नव्या नियमांनी प्रशासनाची पूर्वपरवानगी, पशुवैद्यकीय तपासणी आणि काठी, चाबूक व विजेचा धक्का यांसारख्या साधनांना बंदी आणून हे मोजमाप आयोजकावर सोपवले. खेळ आपल्या आतील हिशेबात निर्दोष असूनही ज्याचा हिशेब त्याने ठेवलेला नाही अशा कोणाला तरी इजा करू शकतो, आणि त्या इजेची जबाबदारी खेळाडूंपेक्षा खेळ चालवणाऱ्याकडे आधी जाते, हा त्या सात वर्षांचा धडा आहे.

टेबलावर बैल नसतात, पण माणसे असतात, आणि काल्पनिक कथेतला एखादा प्रसंग खेळाडूच्या खऱ्या दुःखाला जाऊन भिडू शकतो. दुष्काळात गुरे विकावी लागलेल्या घरातील मुलासमोर तोच प्रसंग पराभवाची किंमत म्हणून ठेवला, तर नियमांनुसार तो योग्य आणि माणूस म्हणून अयोग्य ठरू शकतो. बैलाला संमती विचारता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने कायद्याला बोलावे लागले; खेळाडूला ती विचारता येते, म्हणून न विचारण्याला सबब उरत नाही. यासाठी काही रीती आता रूढ झाल्या आहेत. खेळाची पहिली बैठक खेळण्यात न घालवता कोणत्या प्रकारची कथा हवी, कोणते विषय पूर्ण वर्ज्य आहेत आणि कोणते पडद्याआड उरकायचे, हे ठरवण्यासाठी ठेवतात. तिला सेशन झिरो म्हणतात. जॉन स्टाव्ह्रोपोलोस यांनी रचलेल्या एक्स-कार्ड या रीतीत टेबलाच्या मध्यभागी फुलीचे एक कार्ड ठेवलेले असते, कोणीही त्याला स्पर्श केला की चालू प्रसंग कारण न विचारता बदलला जातो, आणि हा अधिकार गेम मास्टरलाही असतो. अशा रीतींनी खेळातला धोका निघून जातो असा आक्षेप घेतला जातो. परंतु पात्राला असलेला धोका आणि खेळाडूला होणारी इजा या दोन वेगळ्या गोष्टी असून पहिली टिकवण्यासाठीच दुसरी टाळावी लागते.

एवढ्या विवेचनानंतर मूळ प्रश्नाकडे वळता येते: गेम मास्टर स्वतः कोणत्या नियमाखाली असतो? जुन्या पुस्तकांचा सूर असा की तो नियमांच्या वर आहे. व्हिन्सेंट आणि मेग्वे बेकर यांच्या २०१० मधील ‘अपॉकॅलिप्स वर्ल्ड’ या खेळाने या समजुतीला धक्का दिला. त्यात गेम मास्टरने कोणत्या हेतूंनी बोलावे आणि कोणत्या प्रकारच्या चाली कराव्यात हे खेळाचे नियम म्हणून लिहिले आहे, आणि फासे फक्त खेळाडूंनी टाकायचे असतात. तो उपाय प्रत्येक खेळाला मानवेल असे नाही, परंतु खेळ चालवणाऱ्यालाही खेळाच्या हेतूने बांधावे हा त्यामागील विचार मान्य करण्याजोगा आहे. घाटातही हेच दिसते. थापलिंगच्या खंडोबाला पौष पौर्णिमेच्या यात्रेत नवसाचे गाडे पळवले जातात तेव्हा कोण हरले हा प्रश्नच नसतो, आणि इनामाच्या शर्यतीत तोच प्रश्न सर्वस्व असतो. चढ तसाच आणि बैलही तसेच असताना खेळाचा हेतू बदलला की पंचाचे कर्तव्य बदलते. गेम मास्टरनेही आपण कोणत्या हेतूचा खेळ चालवतो आहोत हे आधी जाहीर केले, तर त्याच्या बहुतेक निर्णयांची कसोटी खेळाडूंच्या हाती आपोआप येते.

या तुलनेला मर्यादाही आहेत आणि त्या नोंदवणे इष्ट आहे. घाटातील पंच कोणाचा प्रतिस्पर्धी नसतो आणि फडाचा सरदार कोणाच्या यशापयशाचा निवाडा करत नाही. गेम मास्टरला शत्रूच्या बाजूने खरोखर लढायचे असते आणि त्याच लढाईचा न्यायही करायचा असतो. शर्यत आणि तमाशा पोटापाण्याशी, प्रतिष्ठेशी आणि गावाच्या मानपानाशी जोडलेले आहेत, तर टेबलावरचा खेळ मित्रांच्या फुरसतीचा असतो आणि त्याला प्रेक्षक नसतात. पण याच कारणांनी त्याची जबाबदारी हलकी होण्याऐवजी वाढते, कारण चुकीचा निकाल पाहणारा जमाव तिथे नसतो, दाद मागायला कमिटी नसते, आणि नाराज खेळाडू भांडण्यापेक्षा येणे बंद करतो.

म्हणून गेम मास्टरचे निर्णय चार प्रश्नांनी तपासावेत: नियम आणि पैज फासा सुटण्यापूर्वी सांगितली होती का; तोच नियम मागच्या वेळी दुसऱ्या पात्राला तसाच लागू झाला होता का; नियम बदलायचा होता तर तो पुढच्या प्रसंगापासून आणि सर्वांना सांगून बदलला का; आणि ज्याचा हिशेब नियमांत नाही अशा कोणाला त्या निर्णयाची झळ पोचली का. खेळ चालू असताना वाद लांबवू नये, गेम मास्टरने तात्पुरता निकाल द्यावा आणि बैठक संपल्यावर तो निकाल चर्चेला खुला ठेवावा, ही या चार प्रश्नांना जोडून येणारी व्यावहारिक शिफारस आहे. एखाद्या घाटाची पत त्या दिवशी जिंकलेल्या गाड्यांवरून ठरत नाही. नंबरात न बसलेला गाडामालक पुढच्या वर्षी त्याच घाटात चिठ्ठी टाकतो की नाही यावरून ठरते. गेम मास्टरच्या न्यायाचीही परीक्षा याच रीतीने घ्यावी: ज्याच्या विरुद्ध निकाल गेला तो खेळाडू पुढच्या बैठकीला त्याच टेबलावर येऊन बसतो का, आणि बसतो तर तो हवा तो प्रश्न मोकळेपणाने विचारू शकतो का.